हिरवा दगड

“हे दगड कुणी धुतलं?” हिंदुरावांनी ओट्यावरून आवाज दिला आणि कुशाबाईंच्या हातातली ओली गोधडी तशीच राहिली.

घट बसायला दोन दिवस होते. सांगवीत घरोघरी धुणी निघाली होती. त्या सपाट्यात कुशाबाईंनी नवऱ्याच्या खोक्यातले पाच दगडही घासून काढले, आणि त्यांच्यावरचे खडूचे आकडे पाण्याबरोबर गेले.

तीस वर्षं हिंदुराव चंद्रपूरकडे कोळसा शोधायच्या मशीनवर होते. जमिनीतून निघालेले दगड वरपासून खालपर्यंत क्रमाने खोक्यात मांडायचे, हे त्यांचं काम. एकदाही थर चुकला नाही. हल्ली मात्र बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, विसर वाढतच जाणार. उद्या शाळेची पोरं खोकं बघायला येणार होती आणि म्हातारा चार दिवस हवेत होता.

“चुकलं माझं,” कुशाबाई म्हणाल्या.

“त्यात काय! डोळं झाकून लावतो.”

त्यांनी करडा दगड जिभेला लावला. “चिकटला. ह्यो मातीचा. वाळूचा चिकटत न्हाय.” कुशाबाईंना हायसं वाटलं. मग हिंदुरावांनी हिरवट दगड उचलला आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला. “वर गवत असतंय न्हवं?” त्याखाली तांबडा, वाळूचा, करडा आणि शेवटी कोळसा.

दर सुट्टीत जेवताना कुशाबाईंनी तर वेगळंच वाक्य ऐकलं होतं : कोळशाखाली हिरवा दगड लागला की मशीन बंद, त्याच्याखाली काय न्हाय. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला ते पाठ होतं, आणि सांगणारा विसरला होता.

“बरोबर हाय न्हवं?”

“व्हय,” त्या म्हणाल्या. आयुष्यात एवढं खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

ते हात धुवायला मोरीकडे गेले. कुशाबाईंनी घाईघाईने हिरवा दगड काढला, बाकीचे चारही एकेक कप्पा वर सरकवले आणि तो तळाला ठेवला. पावलं वाजली तशी त्यांनी बोटं पदरात घेतली.

हिंदुराव तांब्या घेऊन आले होते. खोक्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पदराकडे.

“हात फुडं कर.”

कोळशाने काळी झालेली बोटं त्यांनी पुढे केली. हिंदुराव सावकाश पाणी ओतत राहिले.

“उद्या पोरं आली,” ते म्हणाले, “की तू माझ्याजवळच बस.”