डाव्या पायाचा पिवळा बूट

मी लाकडी बूट बोलतोय, डाव्या पायाचा. उजवा शेजारीच आहे, पण भीतीने त्याची वाचा बसलीये. भीती मलाही वाटते. मला फक्त गप्प बसवत नाही.

पॉप्लरच्या ओंडक्यातून मला कोरलं, पिवळा रंग दिला आणि फ्रीसलंड प्रांतात गायी पाळणाऱ्या बाउकेने मला विकत घेतलं. तीन वर्षं तिच्या गोठ्यातलं शेण तुडवलं. घरात मात्र आम्हाला मज्जाव. आत सगळे मोज्यांवर, आम्ही मागच्या दाराशी.

बाउकेच्या वाढदिवसाला दाराशी बारा जोड होते, सगळे पिवळे. शेजारची आफ्के तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. केक पुढ्यात आला आणि बाळाने टाहो फोडला.

"अगं, दोन घास तरी खा!" बाउके ओरडली.

"हा खाऊ देईल तर ना!" म्हणत आफ्केने घाईत पाय घातले ते आमच्यात. जरा सैल लागलो. पण बाळंतपणापासून आपलं काहीच मापात राहिलेलं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी आम्हालाच घालून ती आपल्या वासरांच्या गोठ्यात गेली. चौथ्या दिवशी पहिल्या वासराला पाण्यासारखी हगवण लागली. आठवड्यात तीन वासरं गेली. उरलेल्यांना बाटलीने पाणी पाजून ती कोपरापर्यंत हात घासायची, आणि तरीही बाळाला उचलताना थबकायची.

एका सकाळी तिला माझ्या टाचेवर कोरलेलं बाउकेचं आद्याक्षर दिसलं. दुसऱ्या गोठ्याचं शेण आपण वासरांत नेलं, हे कळताच तिने फोन लावला.

गुरांचे डॉक्टर सीब्रेन आले, तेव्हा तिने मला पुढे केलं. "डॉक्टर, हे मीच आणलं. पण वासरांना आजार होऊ नये म्हणून गाभण गायींना लस दिली होती हो!"

"विषाणूचे प्रकार असतात, आफ्के. लशीत एक आणि गोठ्यात दुसरा असेल, तर लस काय करणार? कोणता आहे ते आधी कळू दे. नऊ गायी व्यायच्यात ना अजून?"

त्यांनी माझ्या भेगांतली घाण कापसाच्या काडीवर घेतली. वासरांचं शेण घेतलं, आणि बाउकेच्या गोठ्यातलंही. पाच दिवस मी माझ्याच भेगांना घाबरून होतो.

मग डॉक्टरांचा फोन आला. "तिन्हीकडे एकच प्रकार. लशीतला नाही."

"म्हणजे मीच," आफ्के पुटपुटली.

"तसंच दिसतंय. पण ऐक. बाउकेच्या गायींनी हाच प्रकार पचवलाय. त्यांच्या चिकात त्याच्याशी लढायची ताकद असते. तो चीक मी तपासून देतो, तो तुझ्या नव्या वासरांना जन्मल्याबरोबर पाज."

बाउके चिकाचा कॅन घेऊन आली ती बूट रस्त्यावर काढून, चिखलातून मोज्यांवर.

"माझे बूट पळवलेस, आता चीकही हवा होय गं?"

आफ्केला हसू येईना. "तीन गेली, बाउके. माझ्यामुळे."

बाउकेने कॅन खाली ठेवला. "माझी दोन गेली होती. वाढदिवसाच्या आधीच. लाजेने बोलले नाही, केक कापत बसले."

मी आता तोंड बांधलेल्या पिशवीत आहे. लाकडाच्या भेगा धुऊन निघत नाहीत म्हणे. उद्या शेगडीत जाणार. पहिलं नवं वासरू आज पाच दिवसांचं झालं. त्याचं शेण घट्ट आहे, तरी आफ्के तासातासाला जाऊन बघते. आठ गायी अजून व्यायच्यात.

मला खुशाल जाळा. पण दाराशी बूट काढून आत येणाऱ्या माणसांना कधी केक वाढाल, तेव्हा गोठ्यात वासरू आजारी असेल तर तेवढं आधी सांगा.