चुलतभावाचा कोर्स

बाराव्या कंपनीचाही नकार आला, तशी लेक भरल्या ताटावरून उठली. पोस्टमन असलेल्या बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

दूरच्या महानगरात राहणारा पुतण्या मोबाइलवरचे गेम बनवायला शिकला नि महिन्याभरात नोकरीला लागला. म्हणून बाबांनी हट्टाने लेकीलाही तोच कोर्स करायला लावला होता. आता पुतण्याने दुसरंच काही शिकायला घेतलं, तर बाबा त्याचाही फॉर्म घेऊन आले!

"बाबा, हेही शिकून काही झालं नाही तर?" लेकीने विचारलं.

दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळणारी आत्या तिथेच बसली होती. ती म्हणाली, "दादा, तिकडे गल्लोगल्ली गेमच्या कंपन्या आहेत. इथे एक तरी आहे का?"

"अगं, प्रोग्रामिंग ते प्रोग्रामिंग! इथलं काय नि तिथलं काय?"

"वा! म्हणजे डोंगरावर होडी विकायला बसायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून पोरीला बोल लावायचा!"

दुसऱ्या दिवशी आत्या भाचीला घेऊन हिंडली. सूतगिरणी, शीतगृह, सगळीकडे एकच रड: नोंदींचा प्रोग्राम जुना, दुरुस्त करणारं कुणी नाही. दवाखान्यात तर कहरच. संगणकाच्या यादीत एक औषध वापरण्याजोगं दिसत होतं, प्रत्यक्षात त्याची मुदत तीन महिन्यांपूर्वी संपलेली. नर्सने वेळीच बाटली पाहिली, नाहीतर ते एका तापाने फणफणलेल्या बाळाच्या पोटात गेलं असतं!

लेकीने विचारलं, "हे बघणारं कुणीच नाही?"

"होता एक. महानगरात गेला," आत्या म्हणाली.

लेक त्याच भांडारात बसून डेटाबेसचं, म्हणजे संगणकात नोंदी साठवण्याचं, काम शिकू लागली. पहिल्याच चाचणीत अर्धी औषधं यादीतून गायब झाली! पण आधी काढून ठेवलेली प्रत होती, चूक सापडली. तीन महिन्यांनी, औषधाची मुदत संपण्याआधीच इशारा देणारी यादी चालू झाली आणि दवाखान्याने तिला कामावर घेतलं. शीतगृहाचंही बोलावणं आलं.

"पोरी, माझंच चुकलं," बाबा म्हणाले. "मी तुझ्या चुलतभावाकडे बघत राहिलो. तुझ्याकडे बघितलंच नाही, गावाकडेही नाही."

वाचकहो, पुतण्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या शहराला तेच हवं होतं. विद्या कुठलीच वाया जात नाही, पण तिची गरज जागोजागी वेगळी असते. मुलांच्या हाती फॉर्म देण्याआधी आपण एवढी चौकशी तरी करूया!