राज्यपालांचे न धाडलेले पत्र

मित्रांनो, मी एक जुना कागदांचा गठ्ठा आहे. एका माजी राज्यपालांची भाषणे, सरकारी टिपणे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मुलीने वसतिगृहातून धाडलेली पत्रे, सारे माझ्या पोटात एकत्र नांदते.

साहेबांच्या टेबलावर माझा काय थाट होता! मंत्रीसुद्धा आत आले की आधी माझ्याकडे चोरून पाहत. साहेब निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेलो. कसरीने माझे कोपरे खाल्ले, टाचण्या गंजल्या, पण कुणी विचारपूस केली नाही. साहेब वारल्यावर मुलीने मला अभिलेखागारात दिले. तिथल्या बाईंनी मऊ ब्रशने माझी धूळ झटकली, गंजक्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि आतल्या कागदांची यादी मुलीला पाठवली.

यादी वाचून ती धावतच आली.

"बाई, त्यातला एक कागद मला परत हवाय. बाबांची अब्रू जाईल हो!"

तो कागद मला ठाऊक होता. एका वर्षी राष्ट्रपती राजवटीत सारा कारभार साहेबांच्या हाती असताना मोठा पूर आला. धरणावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या माणसाने इशाराच दिला नाही, असे साहेबांनी भर सभेत सांगितले. बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढे साहेबांनी त्याला पत्र लिहिले: "तुमचे तिन्ही इशारे माझ्या टेबलावर पडून होते. मी ते उघडलेच नाहीत." ते पत्र कधी गेले नाही.

"कागद तुमचाच आहे, ताई. न्यायचा तर न्या," बाई म्हणाल्या. "पण एकदा पुरता वाचा तरी."

खाली वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिले होते: "हे पाठवायचा मला धीर होत नाही. माझ्यामागे कुणाला झाला, तर त्याने पाठवावे."

मुलीने कागद पुन्हा माझ्यात ठेवला. "याची एक प्रत द्या. मी स्वतः नेऊन देते."

पंधरा दिवसांनी तिच्यासोबत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना मूळ कागद पाहायचा होता. ओळीवर बोट ठेवत त्यांनी तो वाचला.

"साहेबांचंच अक्षर ना हे?"

"हो काका. घाईत असले की वेलांट्या विसरायचे."

"मग घाईतच लिहिलंय. पण लिहिलंय!" ते डोळे पुसत हसले. "आमची ही अजून म्हणते, तुम्हीच नीट सांगितलं नसेल. आता दाखवतो तिला."

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "त्या दिवसांतले पाण्याचे आकडे आहेत यात. साहेबांच्या कागदांशेजारी ठेवाल?"

बाईंनी वही दोन्ही हातांनी घेतली. आता आम्ही एकाच फळीवर असतो. परवा धरणावर नव्याने रुजू झालेली एक अभियंता आम्हा दोघांना दिवसभर वाचत बसली होती.

मित्रांनो, घर आवरताना असा एखादा कागद हाती लागला, तर लाजेपोटी फाडू नका, रद्दीत घालू नका. त्याची वाट पाहणारे कुणीतरी अजून हयात असेल.