चमचाभर रस

त्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एका खिळ्याला एकच चमचा टांगलेला असायचा. लांब दांड्याचा, स्टीलचा, टोकाशी झिजून पातळ झालेला. तो माईंचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर त्या हाताची खैर नव्हती.

तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांतून रोज सकाळी फ्रूट सॅलडचे साठ डबे बाहेर जायचे, आणि माईंच्या चमच्याआधी एकाही डब्याचं झाकण लागायचं नाही. फळांवर घालायचा रस सून करायची. संत्र्याचा रस, लिंबू, मध, चिमूटभर मीठ, मिरपूड, हातानं तोडलेला पुदिना. एवढंच. भांडं घेऊन ती समोर उभी राहायची. माई चमचा बुडवायच्या, रस जिभेवर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि मग निकाल द्यायच्या. पंचवीस वर्षांत तो निकाल कुणाच्या बापाला फिरवता आला नव्हता.

चमचा माईंना कुणी आयता आणून दिला नव्हता. आधी तो त्यांच्या सासूचा होता. म्हातारीचा हात थरथरायला लागला आणि एक दिवस चमच्यातला रस तिच्याच अंगावर सांडला, तेव्हा माईंनी चार माणसांदेखत तो तिच्या हातातून काढून घेतला. "बसा आता तिकडे खिडकीत," म्हणाल्या. म्हातारी बसली. पुढची सहा वर्षं खिडकीतच बसली. माईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. स्वयंपाकघर म्हणजे काही धर्मशाळा नव्हे.

आता दोन महिन्यांपूर्वी माईंना ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना जीभ घेऊन गेला.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, तोंड कडू झालं असेल, येईल चव. चौथ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी अर्धं लिंबू तोंडात पिळलं. पाणी. मीठ चिमटीनं जिभेवर ठेवलं. वाळू. मधाची बाटली नाकाशी धरली तर वासही नाही. माई तिथेच ओट्याला धरून उभ्या राहिल्या, मग तोंड धुतलं आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. मुलाला सांगायची सोय नव्हती, त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि सुनेला सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपला गळा तिच्या हातात द्यायचा.

त्यातच मुलगा एकदा जेवताना म्हणाला होता, "आई, आता वय झालं तुझं. चाखायचं काम हिच्याकडे दे की."

"गुडघ्याला वय असतं, जिभेला नसतं," माई म्हणाल्या. "आणि हिच्याकडे? ही मोजून करते. चमच्यानं मोजते, कपानं मोजते. उद्या नवऱ्यावर प्रेमसुद्धा कपानं मोजून करेल."

सून ताट उचलून आत गेली. सात वर्षांत तिनं उलट उत्तर दिलं नव्हतं. माईंना तेच आवडत नव्हतं. भांडणारी सून कळते तरी, गप्प बसणारी काय शिजवतेय याचा पत्ता लागत नाही.

पण माई काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्यांनी तोड काढली. तोड म्हणजे बुटकी.

बुटकी फळं कापायला होती, वीस वर्षं झाली. ओट्याला उंची पुरायची नाही म्हणून फळांच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहायची. सफरचंद नि पेअर कापून लिंबाच्या पाण्यात टाकायची म्हणजे काळी पडत नाहीत, अननस नि खरबूज चाळणीत निथळत ठेवायची, संत्र्याची फोड न् फोड सालीतून मोकळी करायची. केळं सगळ्यात शेवटी. हाताला सोनं, पण तोंडावर काही लपवता यायचं नाही तिला. रस आंबट झाला की डावा डोळा बारीक. गोड झाला की जीभ टाळूला लावून टक् करायची. मीठ जास्त झालं की दोन्ही भुवया वर.

"घे गं बुटके, आधी तू चाख," माई म्हणायला लागल्या. "वाळून काटकी झालीस. मेलीस तर लोक माझ्या नावानं खडे फोडतील."

वीस वर्षांत कुणी एवढं विचारलं नव्हतं, बुटकी फुलून गेली. ती चाखायची, माई तिचं तोंड वाचायच्या, मग डोळे मिटून चमचा तोंडात घालायच्या नि म्हणायच्या, "लिंबू पुढे गेलंय." आणि ते खरंच पुढे गेलेलं असायचं.

बुटकीच्या तोंडावर काहीच उमटलं नाही तरी माई दोष काढायच्या. दोष काढला की जीभ शाबूत दिसते, वाहवा केली की लोक जवळ येऊन बघतात. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून एका आठवड्यात तर सुनेचे हाल कुत्रा खाईना. सोमवारी रस परत, "मध ओतलायस की बादली?" मंगळवारी परत, "मिरपूड घातलीस की नुसती दाखवलीस?" बुधवारी तर माईंनी अख्खं भांडं मोरीत उपडं केलं. "हे काय आहे? खोकल्याचं औषध? माहेरी हेच पीत होतात का सगळी?"

सून मोरीत वाहून जाणाऱ्या पुदिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत करते ड्रेसिंग."

"ड्रेसिंग जखमेला करतात. फळांना रस घालतात."

बुटकी हसली. सून हसली नाही. तिनं दुसरं भांडं आणलं, माईंनी चाखलं आणि म्हणाल्या, "हां. आता जमलं."

शुक्रवारी हॉस्पिटलच्या मेट्रनबाई यायच्या होत्या. त्यांच्या नर्सांसाठी रोजचे दीडशे डबे हवे होते आणि कुणाकडून घ्यायचे ते त्या स्वतः बघून ठरवणार होत्या. मुलगा पहाटेपासून फरशी पुसत होता. माईंना डब्यांचं काही वाटत नव्हतं. डबे काय, आज येतील उद्या जातील. बाहेरच्या बाईसमोर चमचा हातात असायला हवा आणि मुलानं ते डोळ्यांनी बघायला हवं, म्हणजे वयाचं तुणतुणं एकदाचं बंद होईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि खुर्ची ओट्याशी ओढून बसल्या.

मेट्रनबाई आल्या. उंच, करकरीत, बोलणं मोजकं. निथळलेलं खरबूज पाहिलं, द्राक्ष दाबून पाहिलं, केळं अजून सालीतच आहे म्हणून मान हलवली.

"रस आधी घालून ठेवत नाही?"

"घातला की फळं पाणी सोडतात," माई म्हणाल्या. "तासाभरात आमटी होते. आमच्याकडे रस शेवटी. आणि तो माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय नाही."

"ऐकलंय मी," मेट्रनबाई म्हणाल्या. "दाखवा की मग."

सून छोटी वाटी घेऊन पुढे आली. सोनेरी रस, वर पुदिना, बुडाशी मिरपुडीचे ठिपके. माईंनी खिळ्यावरचा चमचा काढला आणि सवयीनं मान वळवली. "बुटके, आधी तू घे."

खोकं रिकामं होतं.

"तिला बर्फ आणायला पाठवलंय, आई," सून म्हणाली. "केळी कापली की डबे गार लागतील ना."

बर्फाचं दुकान चौकापलीकडे, दहा मिनिटं तरी लागतील. समोर मेट्रनबाई, दाराशी मुलगा हात पुसत उभा. माईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड म्हणजे पुसून ठेवलेली फरशी.

पण पंचवीस वर्षं काही फुकट जात नाहीत. माईंनी चमचा बुडवला, रस सोडून पाहिला. दाट होता, म्हणजे मध आहे. रंग आहे, म्हणजे संत्रं आहे. ही पोरगी मोजून करते, फार चुकणार नाही. त्यांनी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटले.

"लिंबू," त्या म्हणाल्या, "थेंबभर पुढे गेलंय. बाकी फक्कड."

"वा!" मेट्रनबाई म्हणाल्या. "थेंबसुद्धा कळतो?"

"थेंब कळतो म्हणून तर खुर्चीवर बसलेय."

"थांबा हं, सुधारून आणते," असं म्हणून सुनेनं वाटी उचलली, ओट्याच्या कडेला ठेवली आणि मोठ्या भांड्यातला रस फळांवर घातला. केळं कापून वरून पसरलं, हलक्या हातानं खालीवर केलं आणि बशी मेट्रनबाईंच्या हातात दिली. मेट्रनबाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, बशी संपवली. सोमवारपासून दीडशे डबे. मुलगा त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत धावत गेला.

तो हसत परत आला तेव्हा सून ओट्याला टेकून उभी होती.

"तुम्हीही चाखा," ती नवऱ्याला म्हणाली आणि ती छोटी वाटी पुढे केली. "आईंनी पास केलेला रस."

त्यानं वाटीच तोंडाला लावली. पुढच्या क्षणी तो मोरीवर वाकून थुंकत होता. "हे काय आहे? समुद्र आहे का?"

"मध, संत्रं आणि तीन चमचे मीठ," सून म्हणाली. "मोजून घातलेत. लिंबाचा थेंब नाही त्यात."

एवढ्यात बुटकी बर्फाची पिशवी घेऊन धापा टाकत आली. सुनेनं तिच्यापुढे वाटी धरली. बुटकीनं बोट बुडवून चाटलं. तिच्या दोन्ही भुवया पार केसांना जाऊन टेकल्या.

माईंनी त्या भुवया पाहिल्या. आणि आपण काय गिळलं ते त्यांना तेव्हा खरं उमगलं.

"आई?" मुलगा तोंड पुसत म्हणाला. "तुला... कधीपासून?"

"त्या तापापासून असणार, दोन महिने," उत्तर सुनेनं दिलं. "मला बुधवारी कळलं. मोरीत ओतलंत ना, आई, ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी मागे ठेवलं होतं. तेच आणलं दुसऱ्या भांड्यात. 'हां, आता जमलं,' म्हणालात."

पिशवीतून बर्फाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. माई उठल्या. मान ताठ होती. त्यांनी चमचा सुनेपुढे धरला.

"घे. जिंकलीस. मी बसते खिडकीत."

सुनेनं चमचा घेतला. नळाखाली धुतला, दोन्ही बाजूंनी कोरडा पुसला आणि होता त्याच खिळ्याला टांगला.

"असं कसं, आई," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय झाकण लागत नाही आपल्याकडे. मेट्रनबाईंना काय सांगू?"

मुलाला ते ऐकून बरं वाटलं. बायकोचं मन मोठं आहे, असं तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगतही होता.

सोमवारी दीडशे डबे ओळीनं मांडले. हाताखाली दोन नवीन बायका घेतल्या होत्या. सुनेनं बुटकीचं खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "तू तिकडे बघून केळी काप गं." मग खुर्ची ओट्याशी आणली, माईंना हाताला धरून बसवलं, चमचा त्यांच्या हातात दिला आणि भांडं पुढे धरलं.

"सगळ्या जरा थांबा," ती म्हणाली. "आई चाखतायत."

सुऱ्या थांबल्या. नव्या बायका कौतुकानं बघायला लागल्या. बुटकीची पाठ तेवढी दिसत होती. माईंनी चमचा बुडवला, तोंडात घेतला, गिळला. डोळे मिटले नाहीत.

"सांगा आई, कसं झालंय?"

"चांगलं."

"मोठ्यानं सांगा ना," सून वाकून गोड आवाजात म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."