मोठीचा निर्वाळा

मोठीने चादरीची दोन टोकं झटकली, आणि समोरची दोन टोकं धरून उभी असलेली धाकटी खोकली. चादर मध्ये लोंबली, फरशीला टेकली. टेकलेली चादर पुन्हा धुवायला जाते, हा लाँड्रीचा नियम. मोठीने ती गोळा करून टोपलीत अशी भिरकावली, की शेजारच्या टेबलावरचे दोघे इस्त्री थांबवून बघायला लागले.

"तिसरी. सकाळपासून तिसरी! हॉटेलवाल्यांना काय सांगू, आमच्या राणीसाहेब खोकत होत्या?"

"हात थरथरतायत, ताई. ताप परत आलाय वाटतं."

"ताप म्हणजे काय माहेरचा पाहुणा आहे? आठ दिवस राहून गेला, आणि पिशवी विसरली म्हणून परत आला?"

शेजारचे दोघे हसले. धाकटी नाही हसली.

दोघी एकाच घरातल्या. मोठी नणंद, धाकटी तिच्या लहान भावाची बायको. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी सोयीसाठी त्यांना मोठी आणि धाकटी करून टाकलं होतं. फ्लूने धाकटी आठ दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा इथल्या दोन्ही टेबलांचं काम मोठीने ओढलं, आणि घरी जाऊन स्वयंपाक, भांडी, धाकटीची औषधंही. त्याचंही तिला काही नव्हतं. पण भाऊ रोज दारातून आत येता येता विचारायचा, "तिने काही खाल्लं का?" आठ दिवसांत एकदाही, "ताई, तू दमलीस का?" नाही. मोठीला राग आला होता तो याचा, आणि भावावर काढता येत नव्हता म्हणून तो सगळा धाकटीच्या वाट्याला आला होता.

रविवारी ताप उतरला. धाकटी डोक्यावरून न्हाली, फोनवर आईशी खिदळली. सोमवार, मंगळवार कामही नीट केलं. आणि आज बुधवारी, हॉटेलच्या मोठ्या ऑर्डरच्या नेमक्या दिवशी, हे!

मालकीणबाई काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. घड्याळात नऊ वाजले होते.

"काय चाललंय?"

"म्हणते, ताप आलाय."

मालकीणबाईंनी चादरींच्या ढिगाकडे पाहिलं, मग मोठीकडे. "मोठे, तू बघ गं. तू म्हणालीस तर पाठवते तिला घरी. पण मग तिचं टेबलही तुलाच."

या कामात तळहात लवकर मरतो. मोठी उकळत्या चहाचा पेला नुसत्या हाताने धरायची. म्हणून कापड गरम आहे की दमट, हे इथे कुणीच तळहाताने बघत नाही, मनगटाची आतली बाजू लावतात. नव्या बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. धाकटीला ते मोठीनेच शिकवलं होतं.

मोठीने तळहात लावला. कपाळावर, पूर्ण, चांगला सगळ्यांना दिसेल असा. तळहाताला काही कळलं नाही.

"गार आहे," ती म्हणाली. खोटं कुठे होतं त्यात?

धाकटीने त्या हाताकडे पाहिलं, मग मोठीच्या तोंडाकडे.

"धरा टोकं," ती म्हणाली.

त्यानंतर एकही चादर टेकली नाही. धाकटी वेळेवर टोकं उचलत होती, वेळेवर जवळ येत होती, घडी मोठीच्या हातात देऊन मागे सरत होती. तिने कुरकुर केली असती तर मोठीने दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाली असती. पण ही बया मूग गिळून बसलेली. जवळ आली की तिचा श्वास ऐकू यायचा, छोटा आणि घाईचा.

"पाणी पी."

"नको."

"अगं, बस जरा."

"तुम्हीच म्हणालात ना, गार आहे."

तीनच्या सुमारास ती खाली बसली. बसताना हात वरच होते, चादर फरशीला लागू नये म्हणून.

मालकीणबाईंच्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थर्मामीटर काढून पाहिला, पुन्हा पाहिला. एकशे चार. मग बराच वेळ पाठीला नळी लावून ऐकत राहिले.

"फ्लू उतरून ताप परत चढला, की तो बहुतेक वेळा छातीत उतरलेला असतो. आधीच आणायला हवं होतं. दाखल करतोय." त्यांनी कागद ओढला. "आज ताप कधीपासून आहे?"

"सकाळी नव्हता हो," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्या मोठीने स्वतः बघितला. वीस वर्षं आहे माझ्याकडे, तिचा शब्द म्हणजे शब्द."

तेवढ्यात भाऊ धापा टाकत आत आला. त्याने पलंगाकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, आधी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, बरं झालं तू बरोबर होतीस. किती करतेस गं आमच्यासाठी."

पलंगावरून धाकटी बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, कीवही नव्हती.

"ताईंनाच विचारा," ती डॉक्टरांना म्हणाली. "त्यांना माहीत आहे."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"होता," मोठी म्हणाली. "सकाळी नऊला होता. मी मुद्दाम नीट बघितला नाही."

मालकीणबाई आधी हसल्या, आपण चुकीचं ऐकलं असं वाटून. डॉक्टरांनी नऊ लिहिलं आणि नर्सला हाक मारली. भावाने मोठीच्या खांद्यावरचा हात काढला, आणि तो पलंगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.