डीव्हॉनच्या बिल्ल्याचा आकडा

बिल्ला तुम्ही परत नेलात आणि आकडा गिळून बसलात. चोर आहात तुम्ही. टोपी काढून, गोड बोलून, डीव्हॉनच्या आईच्या हातचा जर्दाळूचा मुरंबा चाटून चोरी केलीत, म्हणून जास्तच.

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या दक्षिणेला लाल टेकड्यांच्या पायथ्याशी लारूचं गाव. पलीकडे नेवाडाच्या वाळवंटात तुम्ही सरकारी लोक अणुबॉम्ब उडवून बघायचात, आणि गाव पहाटे गोधड्या नि गरम कोको घेऊन टेकडीवर तो उजेड बघायला जायचं. देशाचं काम चाललंय, आपण साक्षीदार आहोत, असं वाटायचं लोकांना. मग करडी राख उतरायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, जर्दाळूंवर, गाडीच्या टपावर. लारूचा धाकटा भाऊ डीव्हॉन त्या राखेत बोटानं लखलख्याचं चिन्ह काढायचा.

लखलख्या म्हणजे त्याच्या कॉमिकमधला वीर. प्रयोगशाळेतला साधा पहारेकरी. नळी फुटते, अंगावर किरण येतात, पानभर ताप, आणि पुढच्या पानावर गडी रेल्वेचं इंजिन उचलतो, भिंतीपलीकडचं बघतो.

लारू कॉलेजात जायच्या तयारीत, विज्ञान पक्कं. ती त्या लखलख्याला सोलून काढायची.

"इंजिन उचलतो ना? मग पायाखालचा रस्ता खचत कसा नाही?"

"रस्ता मजबूत असेल."

"आणि भिंतीतून दिसतं तर झोपतो कसा? डोळे मिटले तरी पापणीतून दिसणारच की, बावळटा!"

डीव्हॉन विचारात पडायचा. "झोपतच नसेल. म्हणून तर चोर सापडतात."

त्या उन्हाळ्यात तुमचा माणूस आला. काही घरांत छातीला लावायचे बिल्ले वाटून गेला. आत फोटोची फिल्म होती. किरण किती पडले ते तिच्यावर उमटणार होतं. डीव्हॉनला वाटलं, आपली वीरांत भरती झाली. झोपतानाही बिल्ला काढेना. माणूस तो परत न्यायला आला तेव्हा यानं अडवून विचारलं, "माझी शक्ती किती भरलीय?"

"कळवू की, पहिलवान," म्हणाला तो, आणि हसला.

डीव्हॉननं ते खरं धरलं. पोस्टाची पेटी उघडायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. बियाण्यांच्या जाहिराती यायच्या, मावशीची पत्रं यायची. आकडा येईना. हिवाळ्यात नाकातून रक्त यायला लागलं, अंगावर निळे डाग उठले. सॉल्ट लेक शहरातल्या इस्पितळात नेलं. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी डोक्याला तेल लावून प्रार्थना केली. तेल लावणाऱ्या बोटांना केस चिकटून आले.

"लारू, ताप आलाय. म्हणजे सुरू झालं."

"हं."

"लखलख्याचं पानभरात उरकलं. माझं पान लांबलंय जरा. आकडा आला का गं?"

लारूला माहीत होतं. किरणांनी बळ येत नाही. आधी रक्त तयार करणारी हाडांतली भट्टी विझते. पुस्तकात वाचलेलं सगळं पाठ होतं, आणि त्या दिवशी तिला ते सगळं विसरायचं होतं. तिनं कॉमिक मांडीवर घेतलं.

"अरे, त्या रस्त्याचं कळलं मला. तो वजन चारी बाजूंना वाटून टाकतो. मीच नीट वाचलं नव्हतं."

"बघ! मी म्हणत होतो!"

त्या दिवसापासून ती कॉमिकमधल्या त्या थापेत रोज एखादी फट शोधायची, जिच्यातून थाप खरी होऊन बाहेर येईल. काही निघालं की त्याला सांगायची, आणि सांगताना स्वतःही थोडा वेळ विश्वास ठेवायची.

एका दुपारी तो डोळे मिटून पडला होता.

"लारू, तू बरोबर बोलली होतीस. झोपच लागत नाही. पापणीतून दिसतं."

"काय दिसतं, राजा?"

"तू रडतेयस."

जर्दाळू फुलले तेव्हा त्याला गावच्या मातीत ठेवलं.

लारू आता म्हातारी झाली. अजूनही पोस्टाच्या पेटीचं झाकण उघडताना तिचा हात क्षणभर थांबतो. तुमची माफी तिला नको, दगडावर कोरलेली नावंही नकोत. पोरानं तुम्हाला तोंडावर एक साधा प्रश्न विचारला होता, आणि कळवू म्हणाला होतात. फिल्म तुम्ही धुतलीत, आकडा तुम्ही वाचलात.

किती भरली होती त्याची? बोला.