कोहळ्यांची रांग

विजयमाला नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आली होती, पण जिवंत माणसाला तिने एकदाही सुई टोचली नव्हती. मुंबईच्या इस्पितळात तीन वर्षं तिने नुसता ट्रे धरला. सुई कायम थोरल्या सिस्टरच्या हातात. इकडे डहाणू रोड स्टेशनात तिकिटं देणाऱ्या तिच्या वडिलांनी पेढेही वाटून टाकले. आता हे सांगायचं कुणाला?

सत्तावन्न सालच्या भादव्यात ती झरीकडच्या एका पाड्यावर दवाखान्यात रुजू झाली आणि आठवड्यातच पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस आली. सोबत पत्र: शुक्रवारी डॉक्टर येतील, समोर दहा माणसांना टोचून घेतील, हात बसलेला नसेल तर घरी पाठवतील. तिचा हात तर रिकामी सिरिंज धरतानाही लटपटायचा.

दवाखान्याची आया बायजी हे बघत होती. तिने आपल्या छपरावरचा कोहळा तोडून आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, याला टोच, हा बोंबलत नाही.

विजयमालाने सिरिंज उकळली, साधं पाणी भरलं, कोहळ्याला स्पिरिट चोळलं आणि सुई खुपसली. शिकवल्याप्रमाणे म्हणालीसुद्धा, दुखणार नाही हं.

खिडकीतून पाड्यावरचा काकड्या नावाचा गडी पाहत होता. दुसऱ्या सकाळी दवाखान्यापुढे ही रांग, जो तो कोहळा खांद्यावर घेऊन. काकड्याने पाडाभर समजावलं होतं, देवीला बकऱ्याऐवजी कोहळा चालतो, तर सरकारला माणसाऐवजी का चालू नये? सरकार काय देवीहून मोठं?

विजयमालाने परोपरीने सांगितलं. कुणी हलेना. गंगीचा कोहळा तर उन्हात ठेवून तापला होता. त्याचा ताप आधी बघा म्हणून ती अडून बसली. शेवटी विजयमालाने पाणी भरलं आणि दरेकाला दुखणार नाही हं म्हणत टोचत सुटली. तीन दिवसांत साठ कोहळे झाले. साठाव्याला तिच्या ध्यानात आलं, हात आता लटपटत नाही.

शुक्रवारी डॉक्टर आले. ओसरीवर ओळीने कोहळे, खुणेला दोरे बांधलेले. त्यांचे मालक अंगणात, आपलं काम उरकल्यासारखे.

"सिस्टर, माणसं कुठायत?"

विजयमालाने कोहळ्यांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी शेरा लिहायला पेन काढलं. तेवढ्यात बायजी येऊन स्टुलावर बसली.

"माझा कोहळा काल काकड्याच्या बकऱ्याने खाल्ला," ती म्हणाली. "आता त्याच्या बदली मी."

विजयमालाने खरी लस भरली. कोहळ्यात जायची तशीच सुई दंडात गेली. बायजी पापणीसुद्धा न हलवता उठली.

काकड्या विचारात पडला. म्हणजे बायजीची सुई लागली बकऱ्याला. उद्या आपलीही कुणी खाल्ली तर? साथ सरेपर्यंत कोहळा राखत कोण बसणार? त्याने दंड पुढे केला. मागोमाग सगळे आले. दहाव्यालाच डॉक्टरांनी पेन खिशात घातलं आणि विजयमालाला म्हणाले, राहा इथेच.

काकड्या दंड चोळत ओसरीवर आला, आपल्या कोहळ्याकडे कळवळून बघत राहिला.

"बाय," तो विजयमालाला म्हणाला, "तू याला खोटं सांगितलंस."